हशातून उभी राहिलेली शाळा

रंगमंचावर एकच माणूस उभा राहतो. ना नेपथ्य, ना सहकलाकार. केवळ बोलून तो शेकडो माणसांना पोट धरून हसवितो. आजची तरुण मंडळी यास ‘स्टँड-अप कॉमेडी’ म्हणतात. नाव नवे असले, तरी वस्तू आपणांस अपरिचित नाही. १९६१ साली पु. ल. देशपांडे यांनी ‘बटाट्याची चाळ’ रंगभूमीवर आणली, तेव्हा चाळीतील सारी बिऱ्हाडे त्यांनी एकट्यानेच उभी केली. बेळगावकर वाचकांना तर ते घरचेच. तेथील राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात ते काही काळ प्राध्यापक होते.

हशा नाट्यगृहाबाहेर पडताच विरून जातो. पु. लं.नी मात्र त्याची बेगमी केली. १९६५ साली स्थापन झालेल्या पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाद्वारे त्यांनी अनेक लोकोपयोगी संस्थांना साहाय्य केले. त्यांच्या पत्नी सुनीताबाई हिशेबात अत्यंत काटेकोर. २००० साली पु. ल. निवर्तले. पुढे पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र केंद्रात शाळकरी मुलांसाठी ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ उभी राहिली, तीस सुनीताबाईंनी देणगी दिली. त्या वास्तूचे नाव ‘पुलस्त्य’. हा सप्तर्षींतील एक तारा. शिवाय त्या नावात ‘पु. ल.’ही दडलेले आहेत! टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी घडविणारे अरविंद गुप्ता यांनी अनेक वर्षे तेथेच कार्य केले.

वाचकहो, शाळेच्या वर्गणीसाठी दारोदार फिरणाऱ्यास पाहून पुष्कळ दारे लोटली जातात, हा आपला नित्याचा अनुभव. मात्र मनमोकळे हसलेला माणूस आपण होऊन खिशात हात घालतो. हुबेहूब नकला करणारा एखादा गडी प्रत्येक गावात असतोच. फेस्ताच्या संध्याकाळी त्याला तासभर व्यासपीठ द्यावे. तिकीट मजुरासही परवडेल असे ठेवावे.

दोन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. चाळीच्या विनोदात ऐकणाऱ्यास आपलेच घर दिसते, म्हणून तो बोचत नाही. तेव्हा हसावे ते आपल्या सर्वांच्या खोडींना. कोणाच्या व्यंगास, जातीस वा दारिद्र्यास नव्हे. अन् दुसरे, जमेचा पै-पैचा हिशेब दुसऱ्याच दिवशी शाळेच्या फळ्यावर लिहावा.

बांधावरून अबोला धरलेले दोन शेजारी त्या रात्री एकाच बाकावर हसले, आणि त्या पैशांतून एका मुलीची पुस्तके आली, तर तो विनोद सार्थकी लागला असे आम्ही समजू.