डाळिंब आणि हिवाळा : फरगाना खोऱ्यातील फळशेतीचा विचार

प्रस्तावना

डाळिंब हे उपोष्ण कटिबंधातील फळ होय, असे सांगण्याचा आपल्या पाठ्यपुस्तकांचा प्रघात आहे. सोलापूर, सांगोला, सटाणा येथील कोरडे माळ डोळ्यांसमोर ठेवले तर हे विधान खटकतही नाही. तथापि या फळाचे एक जुने व नामांकित क्षेत्र ४०° उत्तर अक्षांशाजवळ, मध्य आशियातील फरगाना खोऱ्यात आहे. तेथे जानेवारीचे सरासरी तापमान शून्य अंश सेल्सियसच्या आसपास असते आणि कडक हिवाळ्यात पारा उणे २० अंशांपर्यंत उतरू शकतो. बाबर याच खोऱ्यात जन्मला. मर्घिलानच्या डाळिंबांची वाखाणणी त्याने ‘बाबरनामा’त केली आहे. उझबेकिस्तानातील कुवा परिसर आजही ‘अनोर’साठी, म्हणजे आपल्या परिचयाच्या ‘अनार’साठी, ओळखला जातो. हे झुडूप अशा थंडीत तगते कसे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. याचे उत्तर वाणाच्या काटकपणापेक्षा लागवडीच्या पद्धतीत अधिक सापडते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

जगणे आणि पिकणे

थंड हवामानातील फळशेतीविषयी बोलताना दोन भिन्न प्रश्नांची गल्लत होते. झाड हिवाळ्यात जगेल काय, हा पहिला प्रश्न. फळ उन्हाळ्यात पिकेल काय, हा दुसरा. इंग्लंडच्या दक्षिण भागात भिंतीच्या आडोशाला डाळिंबाचे झुडूप जगते, फुलतेही. परंतु तेथील सौम्य उन्हाळ्यात फळ क्वचितच पक्व होते. फुलापासून पक्व फळापर्यंत सुमारे पाच-सहा महिने लागतात आणि त्या काळात भरपूर उष्णता हवी असते. फरगान्याचे हवामान खंडांतर्गत आहे. हिवाळा जितका कठोर, तितकाच उन्हाळा तापलेला. जुलैमध्ये दुपारचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निसर्गच देतो. पहिल्याचे उत्तर शेतकऱ्याला द्यावे लागते.

उणे ११-१२ अंशांच्या खाली बहुतेक वाणांचे लाकूड इजा पावते. काही मध्य आशियाई वाण याहून थोडी अधिक थंडी सोसतात. मात्र हा आकडा स्थिर मानणे योग्य नाही. शरद ऋतूत तापमान हळूहळू उतरत गेले, पानगळ झाली आणि ऊती थंडीला सरावल्या, तरच झुडूप त्या मर्यादेपर्यंत टिकते. नोव्हेंबरातील अवचित हिमकडाका त्याच झुडपाला कितीतरी कमी थंडीत मारतो. उशिरापर्यंत पाणी व नत्र दिल्यास कोवळी वाढ चालू राहते आणि धोका वाढतो. महाराष्ट्रातील वाचकाला येथे बहार धरण्याची आठवण व्हावी. आपल्याकडे पाणी तोडून, झाडाला ताण देऊन विश्रांती घडवली जाते. फरगान्यात ती हिवाळा देतो. पण त्या विश्रांतीत झाड वेळेवर शिरावे यासाठी तेथेही पाणी आवरावे लागते.

झुडूप पुरण्याची रीत

पानगळीनंतर, साधारणतः नोव्हेंबरात, फरगान्यातील बागाईतदार डाळिंबाची झुडपे जमिनीवर वाकवतात आणि मातीने झाकतात. वसंतात, कडाक्याची भीती ओसरल्यावर, माती उकरून फांद्या मोकळ्या करतात. तत्त्व साधे आहे. माती उष्णतेची मंदवाहक असते व खालच्या थरांतील ऊब वर येत राहते. परिणामी वरची हवा उणे २० अंशांवर गेली तरी आच्छादनाखालील तापमान शून्याच्या फार खाली जात नाही. शिवाय कोरड्या वाऱ्याने फांद्या सुकण्याचे टळते.

या एका रीतीने झुडपाची संपूर्ण घडण ठरते. फांद्या वाकाव्यात म्हणून रोप तिरके लावतात. जाड झालेले खोड वाकत नाही, मोडते. म्हणून जुनी खोडे क्रमाने कापून बुंध्यातून येणाऱ्या फुटव्यांना त्यांची जागा दिली जाते. तेथील डाळिंब वृक्ष होऊच शकत नाही. ते कायम अनेकखोडी झुडूप राहते. (आपल्याकडेही तीन-चार खोडे राखतात, पण त्यामागे एखादे खोड किडीने गेले तरी झाड वाचावे हा हिशेब असतो.) माती काढण्यास उशीर झाला तर ओलीने साल कुजते आणि डोळे अंधारातच फुटतात, घाई केली तर वासंतिक हिमकडाका गाठतो. हे बव्हंशी हाताने करावयाचे काम आहे, दरवर्षी दोनदा, प्रत्येक झुडपाशी. त्यामुळे या डाळिंबाची खरी मर्यादा तापमापकापेक्षा मजुरीच्या हिशेबात शोधावी लागते. एखाद्या वर्षी आच्छादन राहिले तर मुळे सहसा वाचतात, पण नव्या फुटव्यांवर फळ धरेपर्यंत दोन-तीन वर्षे उत्पन्न बुडते.

अन्य फळे

अंजिरालाही तेथे अशीच माती देतात. चीनमधील तुर्फान येथे द्राक्षवेली दर हिवाळ्यात पुरल्या जातात. लिंबू सदाहरित असल्याने त्याला पुरता येत नाही. त्यासाठी उझबेकिस्तान व ताजिकिस्तानात खोल चर खणून वर काच किंवा प्लास्टिकचे आच्छादन घालतात. जर्दाळूची गोष्ट उलट आहे. लडाखमध्ये त्याचे झाड हिवाळा उघड्यावर सहज काढते, पण उमललेले फूल उणे दोन-तीन अंशांनाही दगावते. थंडी किती, याइतकेच ती केव्हा, हे महत्त्वाचे ठरते.

वाणांचा प्रश्न

काटक वाणांचा शोध अर्थातच निरर्थक नाही. तुर्कमेनिस्तानातील कारा-काला येथील सोव्हिएतकालीन संशोधन केंद्रात ग्रेगरी लेविन यांनी डाळिंबाचे अकराशेहून अधिक नमुने जमविले होते. १९९१मध्ये सोव्हिएत संघ विघटित झाल्यावर केंद्राचा आधार तुटला आणि लेविन यांना पुढे देश सोडावा लागला. त्यातील काही वाणांची कलमे कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे आधीच पोहोचली होती, म्हणून ती वाचली. थंडी सोसणारा म्हणून अमेरिकेत नावाजलेला ‘सलावात्स्की’ हा त्यांपैकीच. आपला ‘भगवा’ही या इतिहासापासून अगदी अलिप्त नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘गणेश’ आणि ‘गुल-ए-शाह रेड’ यांच्या संकरातून तो निवडला. आणि ‘गुल-ए-शाह रेड’ची नोंद आपल्या कृषिवाङ्मयात रशियन वाण म्हणून आढळते. सोलापूरच्या माळावरील डाळिंबाचा लाल रंग या उत्तरेकडच्या पालकाकडून आला आहे.