ध्रुवाकडची वाट आणि तिकिटाचे गणित

स्वालबार्डला जायला व्हिसा लागत नाही, हे प्रथम वाचले तेव्हा मला खरे वाटले नाही. पण १९२० च्या तहाने ही बेटे नॉर्वेला मिळाली ती सह्या करणाऱ्या इतर देशांच्या नागरिकांचे हक्क राखूनच, आणि ब्रिटनची सही हिंदुस्थानच्याही वतीने होती. नी-ओलेसुंडला २००८ पासून आपले ‘हिमाद्री’ संशोधन केंद्रही आहे.

मेख वाटेत आहे. लाँगयिअरब्येनची (७८ अंश उत्तर) नियमित विमाने ऑस्लो आणि ट्रॉम्सोहून सुटतात. ही शहरे शेंगेन हद्दीत, स्वालबार्ड त्या हद्दीबाहेर. म्हणजे तिकडे उडालात की शेंगेन सोडलेत. परतताना पुन्हा प्रवेश. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतीची वाट बंद! माझ्या एजंटाने अर्जात नेमके तेच भरले होते. सहीआधी वाचले म्हणून निभावले.

भाडे त्यानंतर. मुंबई–ऑस्लो आणि ऑस्लो–लाँगयिअरब्येन अशी दोन वेगळी तिकिटे मला स्वस्त पडली. मात्र पहिले विमान उशिरा पोचले तर दुसऱ्या कंपनीवर जबाबदारी नाही, पैसे बुडतात. म्हणून जाता-येता ऑस्लोत एकेक रात्र ठेवली. खोल्या महाग, तरी बेरीज एकत्र तिकिटापेक्षा कमीच आली. परतीची रात्र तर हवीच, कारण तिकडचे हवामान वेळापत्रक पाळत नाही. सामान ऑस्लोला घेऊन पुन्हा द्यावे लागते आणि त्याचे पैसे दुसरी कंपनी वेगळे लावते. मी जाड लोकरीचे सगळे अंगावरच चढवले.