शेणाचा नमुना तपासणीस कसा पाठवावा

जनावर पोटभर चरूनही खंगत असेल, तर जंताचे औषध अंदाजाने पाजू नये. गोलकृमींवरील सर्वच औषधे पर्णकृमींवर लागू पडत नाहीत. प्रथम शेण तपासून घ्यावे. मात्र गोठ्यातील जमिनीवरचे शेण उचलू नये. त्यात मातीतील कृमी मिसळून परीक्षा फसते. रबरी हातमोजा घालून, बोटांस तेल लावून, गुदद्वारातून लिंबाएवढे ताजे शेण अलगद काढावे. ते रुंद तोंडाच्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून झाकण घट्ट बसवावे. आत हवा राहिली व ऊब मिळाली, तर गोलकृमींची अंडी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली सापडत नाहीत. प्रत्येक जनावराची बाटली वेगळी ठेवून तीवर खूण व तारीख लिहावी. बाटली थंड ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात पोचवावी. गोठू मात्र देऊ नये. आधी काही औषध पाजले असल्यास तेही संकोच न करता सांगावे.