रिकाम्या बरणीत पाडा बर्फ!

मागच्या सुट्टीत आमची धाकटी मुलगी एका दुकानात काचेच्या गोळ्यापुढे उभी राहिली. गोळा हलवला की आतल्या इवल्याशा घरावर बर्फ पडतो. त्याला 'स्नो ग्लोब' म्हणतात. किंमत ऐकून मी तिचा हात धरून बाहेर आलो. ती रडली नाही, नुसती गप्प झाली. ते मला जास्त लागले. "आपण घरीच करू," असे बोलून गेलो आणि मग करणे भाग पडले.

ही वस्तू एका कारागिराच्या फसलेल्या प्रयोगातून प्रसिद्ध झाली आहे. इ.स. १९०० च्या सुमारास ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरात एर्विन पेर्झी हे शस्त्रक्रियेची उपकरणे बनवीत. विजेच्या दिव्याचा उजेड वाढवण्याची त्यांची खटपट चालू होती. तिकडे जोडे शिवणारे कारागीर रात्री कामासाठी दिव्यापुढे पाण्याने भरलेला काचेचा गोळा ठेवीत. पेर्झींनी तीच युक्ती घेऊन पाण्यात निरनिराळे कण टाकून पाहिले. त्यात रवाही होता. उजेड हवा तसा वाढला नाही. पण सावकाश खाली बसणारा रवा त्यांना बर्फासारखा दिसला! त्यांच्या कुटुंबाचा कारखाना व्हिएन्नात आजही चालू आहे.

मीही हौसेने रवाच टाकला. सकाळी पाहतो तो रवा फुगलेला, पाणी गढूळ. तेव्हा आपण चमकी वापरावी.

साहित्य : घट्ट झाकणाची काचेची बरणी, प्लास्टिकचे लहान खेळणे, चमकी, औषधाच्या दुकानात मिळणारे ग्लिसरीन, दोन ट्यूब मिसळून लावायचा पक्का गोंद.

कृती : बरणी धुऊन घ्यावी. झाकणाची आतली बाजू पॉलिश पेपरने घासून त्यावर खेळणे चिकटवावे व एक दिवस सुकू द्यावे. बरणीत उकळून गार केलेले पाणी, दोन-तीन चमचे ग्लिसरीन आणि अर्धा चमचा चमकी घालावी. ग्लिसरीनने पाणी दाट होते, म्हणून चमकी हळूहळू उतरते. ते जास्त झाले तर मात्र चमकीचे गोळे होतात. झाकण घट्ट लावून बरणी ताटात उलटी ठेवून पाहावी. गळत नसेल तर पुसून झाकणाच्या कडेने गोंद लावावा.

गोंदाचे काम मोठ्यांनीच करावे. बरणी उन्हात ठेवू नये. पाण्याने भरलेली काच भिंगासारखे ऊन एकवटते, त्यामुळे जवळचा कागद पेटू शकतो.

आमच्या मुलीने आत घर नाही, छोटी लाल एस.टी. बसवली. गावाकडे कधी न पडणारा बर्फ आता एस.टी.वर पडतो! शेजारची मुले रिकाम्या बरण्या घेऊन येतात, तेव्हा ग्लिसरीन कशासाठी घालायचे हे तीच त्यांना समजावून सांगते. दुकानातला गोळा आणला असता, तर हे तिला सांगता आले नसते.