कपाटात मरणारी बॅटरी

छंदाच्या रिमोट गाड्या पाळणाऱ्यांच्या घरी एक दृश्य नेहमीचं असतं. गाडीला नवे टायर चढलेले, शॉकमध्ये ताजं तेल भरलेलं, मोटर पुसून चकचकीत. आणि हे सगळं जिच्या जिवावर पळतं ती बॅटरी शनिवारी रात्री पूर्ण चार्ज करून ठेवलेली, रविवारी पाऊस आला म्हणून तशीच राहिलेली, मग परीक्षा, मग मे महिना. लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी मैदानात उड्या मारताना मरते असं लोक समजतात. खरं तर ती बऱ्याचदा कपाटात मरते, काठोकाठ भरलेली असताना आणि कोणी हातही लावलेला नसताना.

एक-दशांश मापाच्या गाडीतला नेहमीचा पॅक साधारण १४ सेंटिमीटर लांब, साडेचार रुंद, अडीच जाड, कडक प्लास्टिकच्या डबीत बंद. हे माप लिपोनं स्वतः ठरवलेलं नाही. जपानच्या तामिया कंपनीनं १९७६ साली पोर्शे ९३४ ची रिमोट गाडी बाजारात आणली, आणि पुढच्या दशकात सहा निकेल-कॅडमियम सेलचा लांबट, ७.२ व्होल्टचा पॅक जगभर रूढ झाला. दोन लिपो सेल एकसर जोडले की ७.४ व्होल्ट होतात. त्यामुळे नवी बॅटरी जुन्या गाडीच्या जुन्याच खाचेत बिनतक्रार बसली. गोंधळ झाला तो सवयींचा. निकेलच्या काळातले गाडीवाले गाडी पार रांगेपर्यंत चालवायचे, बॅटरी रिकामी करून ठेवायचे आणि पुढच्या शर्यतीआधी जोरात चार्ज करायचे. कॅडमियमला ते चालायचं. लिपोला यातलं जवळपास काहीच चालत नाही.

डबी फोडून पाहू नये, पण आत काय असतं ते माहीत असावं. अॅल्युमिनियमचा थर दिलेल्या मऊ पिशव्यांमध्ये पातळ पट्ट्यांची चळत असते: तांब्याच्या पत्र्यावर ग्राफाइट, अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर कोबाल्टचं किंवा निकेल-मँगनीज-कोबाल्टचं लिथियम ऑक्साइड, मध्ये प्लास्टिकचा सच्छिद्र पडदा, आणि सगळं भिजलेलं असतं ते ज्वालाग्राही इलेक्ट्रोलाइटमध्ये. चार्ज करताना लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांत शिरतात, गाडी पळताना परत फिरतात. फोनच्या बॅटरीतही हेच घडतं. फरक वेगाचा आहे. २एस, म्हणजे दोन सेलच्या, ५००० मिलिअँपिअरतासाच्या पॅकमध्ये ३७ वॉटतास ऊर्जा मावते, म्हणजे आजच्या मोठ्या फोनच्या जवळजवळ दुप्पट. फोन त्याच्या वाट्याची ऊर्जा दिवसभर पुरवून खातो. गाडी वीस मिनिटांत सगळी संपवते, म्हणजे सरासरी १५ अँपिअर, आणि जागेवरून उसळताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट.

इथे लेबलावरच्या ‘सी’ आकड्याबद्दल बोलायलाच हवं, कारण दुकानात सगळ्यात मोठ्यानं तोच ओरडत असतो. १सी म्हणजे बॅटरी एका तासात रिकामी करणारा प्रवाह. आपल्या पॅकसाठी ५ अँपिअर. मग ५०सी म्हणजे २५० अँपिअर. तो सतत घेतला तर पॅक ७२ सेकंदांत संपेल. बॅटरीच्या तारा आणि प्लग त्याआधीच भाजून निघतील. जाहिरातीच्या आकड्यापेक्षा अंतर्गत रोध पाहावा. बरेच चार्जर तो मिलिओममध्ये दाखवतात. सेलचा रोध ५ मिलिओम असेल आणि १०० अँपिअर ओढले, तर त्या एका सेलमध्ये अर्धा व्होल्ट गळतो आणि ५० वॉट उष्णता तयार होते. बॅटरी म्हातारी होते म्हणजे हा रोध वाढतो. क्षमता कागदावर तेवढीच दिसते, पण गाडीतला ‘पंच’ गेलेला असतो.

आता चार्जिंग. लिपो सेल ४.२० व्होल्टला पूर्ण भरतो. त्यापुढे एक पाऊलही नाही. चार्जर आधी ठरलेला प्रवाह सोडतो, व्होल्टेज ४.२० ला पोचलं की ते तिथेच धरून ठेवतो आणि प्रवाह हळूहळू कमी होऊ देतो. म्हणून शेवटचा थोडासा भाग भरायला खूप वेळ लागतो आणि नवशिक्याला चार्जर अडकलाय असं वाटतं. अडकलेला नसतो. जाड तारांच्या शेजारी जो छोटा पांढरा प्लग असतो, २एसमध्ये तीन तारांचा, त्यातून चार्जर प्रत्येक सेलवर वेगळी नजर ठेवतो. पुढे गेलेल्या सेलची ऊर्जा थोडी जाळतो, मागच्याला गाठू देतो. हा प्लग न लावता चार्ज केलं तर चार्जरला फक्त ८.४० ही बेरीज दिसते. एक सेल ४.३५ ला आणि दुसरा ४.०५ ला असला तरी बेरीज तीच.

आपल्याकडे अनेकांच्या टेबलावर दिसतो तो स्कायआरसीचा आयमॅक्स बी६ किंवा त्याची नक्कल. नकला उदंड आहेत. बटण दाबून धरलं की हा चार्जर सुरू करण्याआधी विचारतो: मला इतके सेल सापडले, तुम्ही इतके सांगितले, बरोबर? माझ्या मते अख्ख्या छंदातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि लोक तो न वाचता ‘एंटर’ दाबतात. त्याहून वाईट म्हणजे लिपो चुकून निकेलच्या मोडवर लावणं. निकेलचा सेल भरला की त्याचं व्होल्टेज किंचित घसरतं आणि त्या खुणेवर चार्जर थांबतो. लिपोत ही घसरण येतच नाही. चार्जर वाट पाहत राहतो आणि ढकलत राहतो. ग्राफाइटमध्ये जागा उरत नाही, लिथियम धातू होऊन पृष्ठभागावर साचतो, पलीकडचं ऑक्साइड विस्कटून ऑक्सिजन सोडू लागतं, आणि इलेक्ट्रोलाइट तर जळायला तयारच असतो.

म्हणून चार्जिंग फरशीवर करावं, अग्निरोधक पिशवीत, गादीपासून, पडद्यापासून आणि अर्थातच गॅस सिलिंडरपासून लांब. आणि माणूस जागा असताना. पिशवी आग विझवत नाही, वेळ मिळवून देते. धूर मात्र अजिबात छातीत घेऊ नये; त्यात हायड्रोजन फ्लुओराइड असू शकतं.

रिकामी करण्यालाही सीमा आहे. ३ व्होल्टच्या खाली सेल नेऊ नये. गाडीतला ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा स्पीड कंट्रोलर, लिपो मोडवर असेल तर त्याआधीच मोटरचा प्रवाह तोडतो. पण गाडीचं बटण बंद केलं म्हणजे बॅटरी सुटली असं नाही. बरेच ईएससी बंद असतानाही थोडा थोडा प्रवाह पीत राहतात. प्लग न काढता ठेवलेली बॅटरी काही आठवड्यांनी शून्याजवळ सापडते. इतक्या खाली तांब्याचा पत्राच विरघळू लागतो, आणि पुन्हा चार्ज करताना ते तांबं नको तिथे जमून आतल्या आत शॉर्ट घडवू शकतं. अशा पॅकला निकेल मोडवर ‘जरा धक्का देऊन उठवणारे’ वीर सगळीकडे भेटतात. त्यांचं ऐकू नये.

राहिलं कपाट. भरलेला सेल रासायनिकदृष्ट्या अस्वस्थ असतो. जेवढं जास्त व्होल्टेज तेवढी इलेक्ट्रोलाइटची झीज, आणि उष्णतेनं ती आणखी वाढते. झिजताना वायू सुटतो आणि मऊ पिशवी पुरीसारखी टम्म फुगते. कडक डबीचा सांधा उकलेपर्यंत ते दिसतही नाही. चंद्रपूर-नागपूरच्या ४५ अंशांत, पत्र्याखालच्या खोलीत किंवा उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत हे किती झपाट्यानं होत असेल ते वेगळं सांगायला नको. थंड देशांत गेलेल्यांची अडचण उलटी: गोठलेल्या गॅरेजमध्ये, शून्याखाली, चार्जच करायचं नाही, कारण तिथेही लिथियम धातूच साचतो. कपाटात ठेवायच्या बॅटरीला मात्र उपाय एकच, चार्जरमधला ‘स्टोरेज’ मोड. तो सेल ३.८० ते ३.८५ व्होल्टवर, जवळजवळ अर्ध्यावर, आणून ठेवतो. रविवारचा बेत रद्द झाला की त्याच संध्याकाळी हे करायचं. कंटाळवाणं आहे, मान्य.

फुगलेल्या पॅकला टाचणी लावून ‘हवा काढणं’ हा निव्वळ वेडेपणा. तो पुन्हा चार्ज करायचा नाही. उघड्यावर १२ व्होल्टचा गाडीचा बल्ब जोडून हळूहळू निचरा करावा. पॅक फारच फुगला किंवा फाटला असेल तर तेवढंही करू नये. मिठाच्या पाण्यात बुडवायचा सल्ला अजून दिला जातो, पण पाण्यात धातूची टोकं गंजून तुटतात आणि आतला सेल भरलेलाच राहू शकतो. निचरा झाल्यावर प्रत्येक टोकाला वेगळी टेप लावायची आणि पॅक ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्यायचा. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ओल्या-सुक्याच्या डब्यात टाकलेला पॅक मात्र कचरागाडीच्या दाबयंत्राखाली जातो, आणि आत थोडा जरी चार्ज उरला असेल तर गाडी पेटायला तेवढा पुरतो.