मानसशास्त्राची पदवी आणि व्यापाराची जोड : फी भरण्याआधी काय पाहावे?

बारावीचा निकाल लागला की आपल्या व्यापारी घरांतून ठरलेली चर्चा सुरू होते. मुलगा असेल तर बीकॉम, अधिक हुशार असेल तर सीए, आणि मुलगी असेल तर बीए करून बीएड. गेल्या काही वर्षांत मात्र या चर्चेत एक नवे नाव ऐकू येऊ लागले आहे. मुले म्हणतात, आम्हाला सायकॉलॉजी घ्यायची आहे. घरातील वडीलधारी मंडळी बुचकळ्यात पडतात. मानसशास्त्र म्हणजे वेड्यांवर इलाज करण्याचे शास्त्र, त्याचा दुकानाशी, कारखान्याशी संबंध काय, असा त्यांचा सवाल असतो.

हा संबंध आहे, आणि तो कापडाच्या धंद्यातच आधी सिद्ध झालेला आहे. १९५० च्या दशकात अहमदाबादच्या कॅलिको मिलने नवे स्वयंचलित माग बसवले. यंत्रे उत्तम, कारागीर जुने आणि जाणते. तरीही उत्पादन अपेक्षेइतके येईना आणि कापडात दोष राहू लागले. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस तेथे आले. त्यांनी यंत्राऐवजी माणसांची मांडणी पाहिली. कांडी भरणारा वेगळा, तुटलेले धागे सांधणारा वेगळा, तेल घालणारा वेगळा, जॉबर वेगळा. प्रत्येकाला आपापले काम ठाऊक, पण अमुक माग आपले आहेत असे म्हणणारा कोणीच नाही. मग कारागिरांचे लहान गट पाडून प्रत्येक गटाकडे ठरावीक मागांची पूर्ण जबाबदारी देण्यात आली. उत्पादन वाढले, खराब माल घटला. राइस यांनी यावर १९५८ मध्ये पुस्तकच लिहिले. त्याच शहरात, गिरण्यांच्या संशोधनासाठी स्थापन झालेल्या ‘अटिरा’ या संस्थेत कमला चौधरी या मानसशास्त्रज्ञ गिरणी कामगारांच्या प्रश्नांचा अभ्यास करीत होत्या. १९६१ मध्ये अहमदाबादेत आयआयएम स्थापन झाली, तेव्हा तिच्या पहिल्या अध्यापकांत त्या होत्या. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या कारखानदारांनी हा इतिहास जरूर लक्षात घ्यावा.

गिऱ्हाइकाच्या बाबतीतही तेच. शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर रुपये गेल्याचे दुःख माणसाला जास्त लागते, हे गादीवर बसणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये ते शास्त्रीय पद्धतीने मांडले, आणि २००२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक कानेमन यांना मिळाले. ट्वर्स्की त्याआधी १९९६ मध्येच वारले होते.

असो. आता मुद्द्यावर येऊ. प्रवेशासाठी लागते काय? आपल्या राज्यातील बहुतेक महाविद्यालयांत बीएला कोणत्याही शाखेतून बारावी उत्तीर्ण असले की पुरते. कॉमर्सवाल्या मुलालाही मानसशास्त्राकडे वळता येते आणि बारावीला मानसशास्त्र घेतलेलेच असले पाहिजे अशी अट सहसा नसते. केंद्रीय विद्यापीठांत जायचे असेल तर बहुतेक ठिकाणी सीयूईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिची तयारी बारावीच्या वर्षातच करावी लागते.

खरी अडचण प्रवेशानंतर येते. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे महाराष्ट्रात २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून इतर संलग्न महाविद्यालयांत पदवीची रचना बदलली आहे. प्रत्येक सत्राला साधारण २२ श्रेयांक, म्हणजे ज्यांना मुले क्रेडिट म्हणतात ते. तीन वर्षांचे १३२ आणि चौथे वर्ष करून ऑनर्स घेतली तर १७६. वर्गातल्या शिकवणीचे पंधरा तास म्हणजे एक श्रेयांक, प्रात्यक्षिकाचे तीस तास म्हणजे एक. या १३२ मधला सर्वांत मोठा वाटा मेजर, म्हणजे मुख्य विषयाचा. सुमारे १८ ते २० श्रेयांक मायनरचे, म्हणजे दुय्यम विषयाचे. याखेरीज १० ते १२ श्रेयांकांचे खुले विषय असतात आणि ते मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरूनच घ्यावे लागतात. मुख्य विषय मानसशास्त्र, दुय्यम विषय वाणिज्य किंवा व्यवस्थापन आणि खुल्या विषयांतही हिशेब, जाहिरात, विपणन असे काही घेतले, तर जवळजवळ तीस श्रेयांक धंद्याच्या शिक्षणाला मिळतात. ही जोड कागदावर अशी सुंदर आहे.

पण कागद आणि महाविद्यालय यांत अंतर असते. दुय्यम विषय दुसऱ्या विद्याशाखेतून घेण्याची मुभा शासनाने दिली आहे. तो शिकवायला माणूस आणि वेळापत्रकात जागा महाविद्यालयाने द्यायची आहे. ज्या महाविद्यालयात फक्त कला शाखा आहे तेथे मानसशास्त्राच्या जोडीला समाजशास्त्र किंवा अर्थशास्त्रच मिळेल. म्हणून, ‘सायकॉलॉजी आहे का?’ एवढे विचारून परत येऊ नये. ‘सायकॉलॉजी मेजरबरोबर या वर्षी कोणते मायनर प्रत्यक्ष शिकवणार?’ असे विचारावे आणि उत्तर माहितीपुस्तिकेत छापलेले पाहावे. ठाण घेताना आपण पहिल्या मीटरावर भरवसा ठेवत नाही, आतले कापडही उलगडून पाहतो.

दुसरा प्रश्न, मुख्य कोणता आणि दुय्यम कोणता? व्यापारी बापाचा कल साहजिकच कॉमर्स मुख्य ठेवण्याकडे असतो. माझे मत उलट आहे. एमबीएला कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. महाराष्ट्राच्या सीईटीमार्गे जायचे तर पदवीला ५० टक्के, आणि राज्यातील मागासवर्गीय उमेदवारांना ४५ टक्के गुण पुरतात. एमए मानसशास्त्राचे तसे नाही. तेथे पदवीला मानसशास्त्र हा मुख्य विषय होता का, हे अनेक विद्यापीठे पाहतात. मुंबई विद्यापीठात एमएला औद्योगिक मानसशास्त्राची स्वतंत्र शाखा आहे, आणि कारखान्यातील भरती, प्रशिक्षण, मनुष्यबळ या कामांसाठी ती उपयोगी आहे. मानसशास्त्र मुख्य ठेवले तर दोन्ही दारे उघडी राहतात. दुय्यम ठेवले तर एक दार बंद होण्याचा धोका आहे.

बीबीए किंवा बीएमएस करून मानसशास्त्राचे काही विषय घ्यावेत असे कोणी सुचवतात. हे अभ्यासक्रम २०२४-२५ पासून एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि त्यांना राज्याची सीईटी लागू झाली. ज्यांनी ती दिलेली नाही त्यांच्यासाठी तो रस्ता त्या वर्षापुरता बंदच समजावा. पुण्याच्या फ्लेम विद्यापीठासारख्या खासगी संस्थांत मानसशास्त्र आणि व्यवसाय यांची जोड सहज मिळते, पण तेथील फी लाखांच्या घरात आहे.

मुले कशात अडतात, हेही पालकांनी जाणून घ्यावे. मानसशास्त्र म्हणजे गप्पागोष्टींचा विषय अशी समजूत करून जे येतात ते संख्याशास्त्राला पाहून घाबरतात. सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध हे सारे आहे. दहावीनंतर गणित सोडलेल्या मुलाने सुट्टीतच थोडी उजळणी करून ठेवावी. प्रात्यक्षिके असतात: माणसे बसवून चाचण्या घ्यायच्या, आकडे मांडायचे, अहवाल लिहायचा. आणि पुस्तके बहुतेक इंग्रजीत. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिले वर्ष जड जाते, हे मी उर्दू माध्यमाचा असल्याने सांगू शकतो. पण हा विषय कान देऊन ऐकणाऱ्याचा आहे, आणि घरात एक, मोहल्ल्यात दुसरी, बाजारात तिसरी भाषा बोलणाऱ्या आपल्या मुलांचे कान तयार असतात.

सर्वांत महत्त्वाची सूचना दुकान सांभाळून शिकणाऱ्यांसाठी. आजवर असे अनेकजण दूरशिक्षणाने मानसशास्त्राची पदवी घेत आले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये तो मार्ग बंद केला. २०२१ च्या आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्याखाली येणारे विषय, आणि त्यांत मानसशास्त्रही, जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन शिकवायचे नाहीत, असा तो आदेश आहे. अनेक विषयांच्या बीएतूनही फक्त मानसशास्त्र काढून टाकायचे आहे. तेव्हा ‘घरबसल्या सायकॉलॉजीची डिग्री’ अशी जाहिरात घेऊन कोणी आला तर पैसे देण्याआधी त्याच्याकडे आयोगाच्या मान्यतेचे पत्र मागावे. नियमित महाविद्यालयात सकाळचे वर्ग मिळाले तर दुपारनंतर दुकानात बसता येते. तसा विचार करावा.

या पदवीने मुलगा ‘डॉक्टर’ होत नाही, हेही लग्नाच्या बोलण्यात येण्याआधीच स्पष्ट असलेले बरे. रुग्णांवर उपचार करणाऱ्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि ती तीन वर्षांच्या बीएवर मिळत नाही.

मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांसाठी बारावीनंतर विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रवेशपूर्व नावनोंदणी करावी लागते, मग महाविद्यालयाचा अर्ज. हे सारे निकालानंतर थोड्याच दिवसांत उरकते. मानसशास्त्राच्या जागा मोजक्या असतात आणि पहिल्या यादीतच बऱ्याचशा भरतात, तेव्हा दोन-तीन महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिका निकालाच्या आधीच आणून ठेवाव्यात.