अंथरूण पाहून पाय पसरा: ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी एसएमपीएसचं लेबल वाचा

शादीचा सीझन सुरू झाला की अणदूर, नळदुर्ग, जळकोट या पट्ट्यात फोटो-व्हिडिओ करणाऱ्या पोरांना उसंत नसते. निकाह असो, वलीमा असो की शेजारच्या घरची हळद, कॅमेरा सगळीकडे लागतो. माझा एक जुना विद्यार्थी याच कामात आहे. हुनर चांगलं, मेहनतही भरपूर. एडिटिंगसाठी त्याने एक सेकंडहँड वर्कस्टेशन आणलं. त्यात अम्मीच्या भिशीचे पैसे होते. पुढे व्हिडिओ अडकायला लागला, म्हणून त्याने जुन्या बाजारातून मोठं ग्राफिक्स कार्डही घेतलं.

आठ दिवसांत त्याचा फोन आला. "सर, एरवी मशीन मस्त चालतंय. पण एक्स्पोर्टला लावलं की दहा मिनिटांत फट्‌कन बंद पडतंय."

मी घरी जाऊन कॅबिनेट उघडायला लावलं. आत जळक्या प्लास्टिकचा वास येत होता. कार्डाला वीज देणारा कन्व्हर्टर वितळायला आला होता आणि त्याच वायरवरची हार्ड डिस्क दिसेनाशी झाली होती. त्या डिस्कवर एका निकाहचं सगळं शूटिंग होतं. कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड त्याने अजून पुसलं नव्हतं म्हणून काम वाचलं, अल्हम्दुलिल्लाह. नाहीतर त्या घरच्यांना काय सांगणार होता?

ही चूक एकट्या त्याची नाही. कार्ड घेताना आपली पोरं किंमत बघतात, जीबी बघतात, यूट्यूबवर गेम किती जोरात चालतो ते बघतात. पण त्या कार्डाला लागणारी वीज आपल्या मशीनमध्ये आहे का, हे कोणी बघत नाही.

दहावीचं गणितच इथे कामाला येतं

कॉम्प्युटरमधल्या ज्या डब्यात भिंतीवरची वीज येते आणि आतल्या भागांना वाटली जाते, तो एसएमपीएस. त्याच्या अंगावर एक लेबल असतं. त्यावर एकूण वॅट लिहिलेले असतात, पण खरी महत्त्वाची ओळ १२ व्होल्टची. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः याच ओळीवर जगतात.

दहावीच्या विज्ञानात आपण शिकतो: विद्युत शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले विद्युतधारा. म्हणजे वॅट = व्होल्ट × अँपिअर. लेबलवर १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर लिहिलं असेल तर १२ × १८ = २१६ वॅट. काही लेबलांवर १२ व्होल्टच्या दोन-तीन ओळी असतात. त्यांची सरळ बेरीज करू नका. खाली एकत्रित मर्यादा वेगळी दिलेली असते, तीच धरा.

आता या पोराचा हिशोब पाहा. एसएमपीएस २९० वॅटचा. प्रोसेसर ६५ वॅट. मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून साधारण ५०. आणि नवं कार्ड १७० वॅट. बेरीज २८५. तो म्हणाला, "सर, पाच वॅट उरतातच की!" पण कार्डाचा जो वॅटचा आकडा सांगतात तो साधारण असतो. जोर लागला की क्षणभर कार्ड त्याच्यापेक्षा बरंच जास्त ओढतं. शिवाय एसएमपीएस जुना, आत धूळ, वर आपल्याकडचा उन्हाळा. म्हणून एकूण बेरीज एसएमपीएसच्या ७० ते ८० टक्क्यांच्या आत राहिली पाहिजे. २९० वॅटच्या मशीनला हा आकडा जास्तीत जास्त २३० च्या आसपास येतो.

मशीन नुसतं सुरू असताना कार्ड फार कमी वीज घेतं. म्हणून "चालू झालं म्हणजे जमलं" हा समज खोटा. एक्स्पोर्ट लावला की खरी परीक्षा होते.

वायर का वितळली?

मदरबोर्डवरच्या ज्या लांब खाचेत कार्ड बसतं, ती खाच कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देते. त्यापुढची वीज एसएमपीएसच्या वेगळ्या वायरने द्यावी लागते. ६ पिनच्या जोडणीतून ७५ वॅट, ८ पिनच्या जोडणीतून १५० वॅट, असा नियम आहे.

या मशीनमध्ये तशी वायरच नव्हती. दुकानदाराने हार्ड डिस्कच्या साटा प्लगमधून ८ पिन काढणारा स्वस्त कन्व्हर्टर दिला. साटा प्लगची १२ व्होल्टची क्षमता ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. इथे १७० मधून खाचेचे ७५ वजा केले तरी ९५ वॅट उरतात, म्हणजे जवळपास ८ अँपिअर. कन्व्हर्टरला प्लग दोन होते, पण दोन्ही डिस्कच्या एकाच बारीक वायरवर लावलेले. मग वायर तापणारच.

काही कंपनी मशीनमध्ये डिस्कची वीजसुद्धा मदरबोर्डमधून जाते. तिथे असा कन्व्हर्टर लावला तर मदरबोर्डच जाऊ शकतो. लक्षात ठेवा: एसएमपीएसमध्ये ६ किंवा ८ पिनची वायर मुळातच नसेल, तर ते मशीन तशा कार्डासाठी बनलेलंच नाही.

मग कोणतं कार्ड घ्यावं?

जुन्या ऑफिसच्या मशीनसाठी सोपं उत्तर: ७५ वॅटच्या आतलं, वेगळी वायर न लागणारं कार्ड.

– क्वाड्रो पी६२०: ४० वॅट
– क्वाड्रो पी१०००: ४७ वॅट
– टी१०००: ५० वॅट
– आरटीएक्स ए२०००: ७० वॅट
– आरटीएक्स ३०५०, ६ जीबी: ७० वॅट
– जीटीएक्स १६५०: ७५ वॅट

इथे दोन ठिकाणी फसगत होते. आरटीएक्स ३०५० हे नाव एकच, पण ८ जीबीचं मूळ कार्ड १३० वॅटचं असून त्याला वेगळी वायर लागते. खाचेवर चालतं ते ६ जीबीचं. तसंच जीटीएक्स १६५० ची काही मॉडेल्स ६ पिनची जोडणी मागतात. फोटोत कार्डाची कड नीट बघा. व्हिडिओवाल्यांनी आणखी एक जपावं: जीटी १०३० आणि आरएक्स ६४०० वीज कमी घेतात, पण त्यांच्यात व्हिडिओ एन्कोडर नाही. एक्स्पोर्टचा वेग त्यांच्यामुळे फारसा वाढणार नाही.

मशीनचं नाव एक, ताकद वेगळी

डेल प्रिसिजन टी३६०० हे वर्कस्टेशन ४२५ आणि ६३५ अशा दोन्ही वॅटच्या एसएमपीएससह विकलं गेलं. एचपी झेड४२० मध्ये ४०० आणि ६००, झेड४४० मध्ये ५२५ आणि ७००. बाहेरून मशीन सारखंच दिसतं. म्हणून सेकंडहँड घेताना झाकण उघडून लेबलचा फोटो मागा. मोठा एसएमपीएस असलेलं मशीन थोडं महाग पडलं तरी पुढे तेच परवडतं. ऑफिसचे छोटे डबे बहुतेक २४० वॅटच्या आसपासचे असतात आणि त्यात अर्ध्या उंचीचंच कार्ड बसतं.

"एसएमपीएसच बदलू की!" असं वाटेल. पण डेल आणि एचपीच्या बऱ्याच मशीनमध्ये मदरबोर्डचा प्लग आणि डब्याचा आकार त्यांचा स्वतःचा असतो. बाजारातला साधा एसएमपीएस तिथे बसत नाही. त्याच मॉडेलचा जास्त वॅटचा मिळाला तरच तो मार्ग धरा.

यूपीएसचाही हिशोब ठेवा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो, आणि त्यावर मॉनिटरही असतो.

जुनं कार्ड घेताना

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबवलेली बरीच कार्डं जुन्या बाजारात आली. नाव बदललेली नकली कार्डंही फिरतात. पैसे देण्याआधी जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर चालवून खरं नाव तपासा आणि समोर अर्धा तास एक्स्पोर्ट लावून बघा.

आणि त्याआधी स्वतःला विचारा, कार्ड खरंच हवं आहे का? उर्दू-मराठी डीटीपी, पत्रिका, बॅनर यांना कार्ड लागत नाही. रॅम आणि एसएसडी पुरते. व्हिडिओ अडकत असेल तर आधी प्रॉक्सी वापरा, म्हणजे एडिटिंग हलक्या फाइलवर आणि शेवटचा एक्स्पोर्ट मूळ फाइलवर. याला एक रुपयाही लागत नाही. गरजेपेक्षा जास्त खर्च म्हणजे इसराफ, हे आपण घरात ऐकतच आलोय.

त्या पोराने मोठं कार्ड नुकसान सोसून विकलं आणि ७५ वॅटच्या आतलं घेतलं. एक्स्पोर्टला आता थोडा जास्त वेळ लागतो, पण मशीन बंद पडत नाही. भिशीचे हप्ते अजून चालू आहेत, ते त्याच मशीनच्या कमाईतून फिटतायत. परवा म्हणाला, "सर, हे सूत्र तर तुम्हीच वर्गात शिकवलं होतं." शिकवलं होतं खरं, पण परीक्षेच्या दोन मार्कांपुरतं. एसएमपीएसचं लेबल वर्गात आणून दाखवलं नव्हतं. यंदा दाखवणार आहे, इन्शाअल्लाह.